कुंदाताईंची बॅटरी रूम

"लोड किती?" हा कुंदाताई साळवींचा कुठल्याही अडचणीवरचा पहिला प्रश्न. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत कुणाचा फ्रिज बंद पडला की त्यांनी हे विचारणं साहजिक होतं. पण खालच्या मजल्यावरच्या सुनेने "नोकरी सोडावी म्हणतेय हो" असं जिन्यात सांगितलं, तरी ताई हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून विचारायच्या, "लोड किती?" मग ती बिचारी घरातली माणसं, डबे, मुलाचा अभ्यास, सासऱ्यांची पथ्यं असं एकेक सांगत जायची. ताई सगळं ऐकून घ्यायच्या. "यातलं नवऱ्यावर काय टाकलंयस? काहीच नाही? मग नोकरी कशाला सोडतेस, आधी ते बघ," असं म्हणून पिशवी उचलून वर जायच्या.

मी या सोसायटीचा सचिव. हे पद मी मिळवलेलं नाही. ज्या सभेला मी गेलो नव्हतो, त्या सभेत ते मला मिळालं. त्या दिवशी शेजारच्या दारातून ताईंनी माझं अभिनंदन वगैरे केलं नाही. "तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हे आता सगळ्यांना कळलंय म्हणायचं," एवढंच त्या म्हणाल्या. पुण्यात याला आपुलकी म्हणतात.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. पण फोन जोडून देणाऱ्या बायकांमध्ये त्या कधी बसल्या नाहीत. त्यांचं राज्य तळमजल्यावर, बॅटरी रूममध्ये. गावातली वीज गेली तरी फोन चालू कसा राहतो, हा प्रश्न तुम्हा-आम्हाला कधी पडला नाही. तो कुंदाताई आणि त्यांच्या ॲसिडच्या बॅटऱ्या यांच्यामुळे चालू राहायचा. रोज प्रत्येक बॅटरीचं पाणी बघायचं, ॲसिडचा दाटपणा नळीत ओढून मोजायचा, तळहात उलटा करून जोडण्या तापल्यात का ते चाचपायचं. त्यांच्या साड्यांवर ॲसिडच्या शिंतोड्यांनी बारीक भोकं पडलेली असत. निवृत्त झाल्यावरही त्या त्याच साड्या रफू करून नेसायच्या. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "भोकं साडीला आहेत, मला नाहीत."

बॅटऱ्यांबद्दल मात्र त्या अशा बोलायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं घरातल्या जुन्या माणसांबद्दल चाललंय. "बॅटरी फसवत नाही हो. दमायला लागली की आधीपासून सांगते. हळूहळू उतरते. ऐकणारं कुणी पाहिजे." आयुष्यभर त्यांनी ते ऐकलं होतं, आणि त्या ऐकण्याचा त्यांना अभिमान होता. तो असायलाही हवा होता.

साळवीकाका लाल बसवर कंडक्टर होते, स्वारगेट डेपोला. पुणे ते कोकण हा त्यांचा कायमचा मार्ग. उंच, हाडकुळे, आणि कायम खुशालीत. "काय काका, कसं काय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मजेत!" धुळीने म्हणा, डिझेलच्या धुराने म्हणा, त्यांची फुप्फुसं निकामी होत गेली, तरी उत्तर तेच राहिलं. पुढे पुढे तर एका दमात तेवढा एकच शब्द त्यांना म्हणता यायचा. रात्रभर आणि दिवसातले काही तास त्यांना हवेतला प्राणवायू गोळा करून देणाऱ्या यंत्राची नळी नाकाला लावावी लागे. यंत्र विजेवर चालायचं. त्यामुळे ज्या माणसाने जन्मभर लोकांना आपापल्या गावी पोचवलं, तो तिसऱ्या मजल्यावर, भिंतीतल्या प्लगपासून नळी पोचेल तेवढ्या अंतरात राहू लागला.

त्यांची एक इच्छा होती आणि ती सगळ्या मजल्याला ठाऊक होती. त्यांची धाकटी बहीण इंदू कोकणात दिलेली. तिचं घर बसच्या रस्त्याला लागूनच. ड्यूटीवर असताना काका तिच्या दारात गाडी थांबवायचे, खाली उतरायचे, इंदू तांब्या घेऊन उभीच असायची, पाणी प्यायचे आणि परत डबल बेल. सगळी नोकरी असं पाणी प्यायले. तिच्याकडे राहून, पाटावर बसून, पोटभर असे कधी जेवले नाहीत. रजा मिळाली की पुण्यातलंच काही ना काही निघायचं. आता इंदूबाईंचे गुडघे गेले होते, त्या घाट चढून येऊ शकत नव्हत्या. आणि त्यांच्या गावात वारा जरा जोरात सुटला तरी वीज जायची, मग काकांनी तिथे राहायचं कसं? "एकदा तिच्याकडे जेवायचंय बघा," काका म्हणायचे, आणि तेवढ्या वाक्याला तीनदा थांबायचे.

ताई यावर काही बोलत नसत. मग एक दिवस आमच्या फाटकातून एक जुनी, लांबुळकी, पांढरी व्हॅन आत आली आणि चालवायला साक्षात कुंदाताई. साठी उलटल्यावर त्यांनी गाडी चालवायला शिकून घेतली होती, आम्हाला पत्ता लागू न देता. वाघोलीकडच्या कुणीतरी ती व्हॅन फिरतं घर म्हणून सजवली होती. आत पलंग होता, छोटा ओटा होता, पंखा होता, आणि खाली खोक्यात दोन ॲसिडच्या बॅटऱ्या आणि एक स्वस्तातला इन्व्हर्टर.

सोसायटीत पार्किंग हा देशाच्या सीमेइतका नाजूक विषय. तासाभरात माझ्या दारात तक्रार आली. मी खाली गेलो, तर ताई स्वतःच म्हणाल्या, "मला ही झाडाखालची जागा नकोच आहे. ती कोपऱ्यातली द्या, जिथे दिवसभर ऊन असतं ती." सावलीतली जागा सोडून उन्हातली मागणारा माणूस पुण्यात मी प्रथमच पाहिला. ज्यांना झाडाखालची जागा मिळाली, ते गृहस्थ अजून त्यात काहीतरी डाव असणार असं समजतात. डाव एवढाच होता, की ताईंना गाडीच्या टपावर सोलरचे पत्रे बसवायचे होते.

पहिल्या दिवशी त्यांनी काकांचं यंत्र त्या स्वस्त इन्व्हर्टरवर लावून पाहिलं. मी जवळच होतो. यंत्र सुरू झालं, पण घसा बसलेल्या माणसासारखं घरघरायला लागलं. ताईंनी कान टेकवला, तळहाताची मागची बाजू त्याच्या पाठीला लावली आणि तडक बटण बंद केलं. "पंख्याला चालेल, दिव्याला चालेल. याला नाही. याला आपल्या घरातल्यासारखी गुळगुळीत वीज पाहिजे, नाहीतर आतली मोटर भाजेल." मग जुन्या बॅटऱ्यांकडे बघत राहिल्या. माझ्याशी नव्हे, त्यांच्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आणि तुम्हालाही हा लोड झेपायचा नाही. तुमचं वजनच इतकं, की घाटात गाडी तुम्हालाच वाहून नेईल."

लिथियमच्या बॅटऱ्या घ्याव्या लागणार, हे त्यांना कळलं होतं आणि आवडलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या इन्व्हर्टरच्या दुकानातला जाधव त्या घेऊन आला. जाधव मूळचा शहराने गिळलेल्या एका गावचा, बोलायला मोकळा.

"ताई, ह्या निम्म्या वजनाच्या हायत, आन् दमदार हायत."

"पाणी कुठून घालायचं?"

"ह्याला पानी लागत नसतंय."

"दाटपणा कसा बघायचा?"

"आवो, सगळं सील असतंय. आत एक सर्किट बसवल्यालं हाय, ते सगळं संभाळतंय."

"मग मी काय करायचं?"

"काय बी नाय. निवांत बसायचं."

"मला त्याची सवय नाही," ताई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या आणि जाधव गाडीत शिरले ते अनेक दिवस बाहेर आलेच नाहीत, असं आम्हाला वाटे. टपावर सोलर बसलं, नवा चांगला इन्व्हर्टर बसला, इंजिन चालू असताना त्यावरूनही बॅटरी भरेल अशी जोडणी झाली. प्रत्येक वायर ताईंनी स्वतः ओढून पाहिली. जाधव मला चहाच्या टपरीवर म्हणाला, "सासूवानी कडक हाय, पर शिकायला मिळतंय." आणि सगळं झाल्यावर ताईंनी पलंगाच्या डोक्याशी एक साधा व्होल्टमीटर लावला, बॅटरी रूममध्ये असायचा तसाच. सगळं नवं असलं तरी बॅटरीची नाडी आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचलं असतं. त्या दोघांनी मुक्काम हलवला, तो थेट आमच्या पार्किंगमध्ये. "वाटेत फसण्यापेक्षा इथे फसू," ताई म्हणाल्या. घराला कुलूप. सोसायटीच्या विजेची वायरसुद्धा घ्यायची नाही. स्वयंपाक गाडीत, झोप गाडीत, काकांचं यंत्र गाडीत. संध्याकाळी काका दाराच्या पायरीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, आत सरका, पुढे जागा आहे" म्हणायचे. कितीतरी दिवसांनी ते जमिनीच्या पातळीवर आले होते. लहान मुलं, दूधवाला, कुत्री, सगळ्यांशी त्यांची ओळख नव्याने झाली.

चैत्र होता. ताईंनी सोसायटीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं केलं, गाडीत. आमच्या हिनं नवी साडी नेसली आणि वैतागून म्हणाली, "पार्किंगमध्ये का म्हणून?" सगळ्या गेल्या मात्र. टपाखालच्या छोट्याशा जागेत गौर मांडलेली, पंखा चालू, दिवे चालू, काका मागच्या बाजूला नळी लावून आडवे, यंत्र चालू. आणि ताई एका हाताने कुंकू लावतायत, दुसऱ्या हाताने मिक्सरमध्ये आंब्याच्या डाळीसाठी भिजवलेली हरभऱ्याची डाळ फिरवतायत. प्रत्येक बाईला ताजी डाळ वाटून दिली. हिला त्यात मोठं अगत्य दिसलं. मला खिडकीतून काही वेगळंच दिसत होतं. मिक्सर सुरू झाला की ताईंची नजर कुंकवाच्या कोयरीवरून मीटरवर जायची आणि परत यायची. मी नंतर विचारलं तेव्हा हसल्या. "अहो, सगळा लोड एकदम टाकून बघायचा होता. नुसती डाळ मी एकटी किती वेळ वाटत बसणार? बायका आल्या, गौरही जेवली, माझंही काम झालं." मीटरचा काटा जागचा हलला नव्हता. त्या दिवशी मी त्यांना प्रथमच इतकं निर्धास्त पाहिलं.

फसल्या त्या तिथेच.

पुढचे दोन दिवस आभाळ भरून आलेलं, सोलरला ऊन नाही. तरी मीटर रात्री तेच दाखवत होता, जे सकाळी दाखवत होता. ताई निवांत झोपल्या. पहाटे दूध आणायला मी खाली आलो, तर गाडीतून बारीक, एकसुरी शिट्टी येत होती. यंत्र बंद पडल्याची शिट्टी. दार उघडं. काका पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकून बसलेले, ओठ काळेनिळे, खांदे वरखाली. ताई अडीअडचणीसाठी ठेवलेल्या प्राणवायूच्या सिलिंडरची चावी फिरवत होत्या. सिलिंडरची नळी काकांच्या नाकाला लागली. थोड्या वेळाने ओठांना रंग आला. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

"मजेत," काका म्हणाले.

तेव्हा ताईंच्या हातातली चावी गळून पडली. "किती वेळ बंद आहे यंत्र? शिट्टीने मी जागी झाले, पण ती तर बराच वेळ वाजत असणार. मला हाक का मारली नाहीत?"

"दमून झोपली होतीस," काका म्हणाले. दम घेऊन पुढे म्हणाले, "म्हटलं, उठशील."

ताई खाली उतरल्या आणि गाडीच्या चाकाला टेकून, पार्किंगच्या फरशीवर, तोंडाला पदर लावून रडल्या. मी तिथे उभा होतो, याची त्यांना पर्वा नव्हती. नंतर जाधवने सांगितलं ते असं, की या नव्या बॅटऱ्या जुन्यांसारख्या हळूहळू उतरत नाहीत. रिकाम्या होत आल्या तरी मीटरवर भरल्यासारख्याच दिसतात, आणि मग आतलं सर्किट एकदम दार लावून घेतं. ज्यांना काही माहीत नसतं ते बॅटरीसोबत आलेलं माहितीपत्रक वाचतात. ताईंना सगळं माहीत होतं, म्हणून त्यांनी मीटर वाचला.

गाडीवर ताडपत्री पडली. दोघं वर राहायला गेले. इंदूबाईंचा फोन आला की ताई तो काकांच्या कानाला लावून स्वतः स्वयंपाकघरात निघून जायच्या. सोसायटीत बायका म्हणाल्या, झालं ते बरंच झालं, या वयात कशाला हवेत हे धंदे. मलाही तसंच वाटत होतं. मी ताईंना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "बॅटरीचं मला कळलं. तिला मोजायचं मीटर मिळतं, किती आत गेलं आणि किती बाहेर आलं याचा हिशेब ठेवणारं. जाधव उद्या आणतोय. पण ह्यांचं काय करू? हेसुद्धा शेवटपर्यंत भरलेलेच दिसतात."

उत्तर त्यांनीच शोधलं. एका रविवारी जुन्या बाजारातून त्या एक वस्तू घेऊन आल्या. जुन्या बसमधली घंटा, दोरीसकट. व्हॅनच्या छताला कड्या ठोकून दोरी काकांच्या पलंगावरून पुढे ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत नेली. काकांना पायरीवर बसवून म्हणाल्या, "आजपासून तुम्ही ड्यूटीवर. श्वासाला जड वाटलं की सिंगल बेल. गाडी थांबेल. बरं वाटलं की डबल. बेल न देता त्रास काढलात, तर ड्यूटीत कसूर धरीन."

काका दोरीकडे बघत राहिले. त्यांनी आयुष्यात खूप गोष्टी लपवल्या असतील, पण उतरणाऱ्यासाठी बेल द्यायची राहिली, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी हात वर करून दोरी पकडली. ती पकड सरावाची होती. "ड्रायव्हर बायको असेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

वैशाखात ते निघाले. त्याआधी पार्किंगमध्ये पुन्हा मुक्काम झाला, नव्या मीटरसकट. या वेळी आभाळ नसताना ताईंनी टपावर चादरी घालून सोलर मुद्दाम झाकलं आणि हिशेब पडताळून पाहिला. निघाले त्या सकाळी अर्धी सोसायटी फाटकापाशी होती. हिनं वाटेसाठी गूळपोळ्या दिल्या. काकांनी आतून डबल बेल दिली आणि इमारतीतल्या म्हाताऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री ताईंचा फोन आला. "घाटात बेल वाजली," त्या म्हणाल्या. "सिंगल. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की त्रास होतोय." फोनवर त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही.

इंदूबाईंच्या अंगणात गाडी उभी राहिली. दोन दिवस जेवणं झाली, पाटावर बसून, उकडीचे मोदक, फणसाची भाजी, सगळं. मग वळवाचं वादळ आलं, खांब पडले, अख्ख्या गावाची वीज गेली. आभाळही उघडेना. ताई मीटर बघायच्या, सकाळ-संध्याकाळ गाडीचं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरायच्या. परत निघू या, असं त्या म्हणाल्या. काका म्हणाले, आणखी थोडं राहू. ताईंनी हिशेब केला आणि राहिल्या. पंखा बंद, दिवे बंद, सगळी वीज त्या एका यंत्राला.

याच दिवसांतलं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. शेजारची एक बाई अंगणात आली. तिचा मुलगा बोटीवर गेलेला, वादळापासून फोन लागला नव्हता, आणि तिचा मोबाईल मेला होता. गावात फक्त या गाडीत वीज होती. थोडा वेळ लावू द्याल का, तिने विचारलं. ताई नाही म्हणाल्या. एकाला हो म्हटलं की सगळं गाव येणार, हे त्यांना दिसत होतं, आणि आत काका यंत्राच्या नळीवर होते. "बरोबरच केलं मी," त्या मला म्हणाल्या. "परत तशी वेळ आली तर परत तेच करीन." मग म्हणाल्या, "मुलगा सुखरूप आला तिचा. पण ती काही न बोलता परत गेली हो. भांडली असती तर बरं झालं असतं." मला वाटलं, एरवी हे त्यांनी कुणालाही सांगितलं नसतं, पण कुणाला तरी सांगणं त्यांना भाग होतं.

साळवीकाका त्या हिवाळ्यात गेले. घरातच, पलंगावर, वीज चालू असताना, यंत्र चालू असताना. विजेने जेवढं करण्यासारखं होतं तेवढं सगळं झालं होतं. इंदूबाई गुडघ्यांची पर्वा न करता आल्या, भावाच्या पायाशी बसल्या आणि सगळ्यांना सांगत राहिल्या, "माझ्याकडे जेवून गेला तो. पोटभर जेवला."

मला काकांची आठवण येते ती पायरीवर बसून लोकांना आत सरका म्हणणाऱ्या काकांची. मी त्यांच्याशी आणखी बोलायला हवं होतं असं वाटतं. मग वाटतं, त्यांनी तरी काय सांगितलं असतं, मजेत म्हणाले असते.

गाडीचं ताई काय करणार, असं मला सभेत विचारण्यात आलं. गिऱ्हाइकं येत होती. संगणक कंपन्यांतली तरुण मुलं, डोंगरात जाऊन काम करायचंय म्हणणारी. ताई त्यांना चहा पाजायच्या आणि परत पाठवायच्या. मला रोज सकाळी त्या गाडीत बसलेल्या दिसायच्या, नुसत्या. एकदा मी डोकावलो, तेव्हा मान न वळवता म्हणाल्या, "ऊन येतं, बॅटरी भरते. दुपारपर्यंत भरून जाते. मग पुढे काही नाही. भरलेली तशीच राहते. मला ते बघवत नाही हो." इतकं उघड त्या कधी बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर काही दिवस जाधव पुन्हा येऊ लागला. गाडीच्या बाहेरच्या अंगाला ड्रिलचा आवाज यायचा. काय चाललंय ते विचारलं तर जाधव म्हणाला, "ताईंनी सांगू नका म्हनलंय."

पाऊस लागायच्या आत पोचायचं म्हणून ताई ज्येष्ठ सुरू होताच निघाल्या. इंदूबाईंकडे, पावसाळाभर राहायला. निरोपाला या वेळी मी एकटाच होतो, फाटक उघडायला. त्यांच्या अंगावर रफू केलेली साडी होती.

"वन्सं एकट्या असतात," त्या म्हणाल्या. "आणि तिकडे पावसात चार-चार दिवस अंधार असतो, तुम्हाला माहीतच आहे."

"दोघींना एवढ्या बॅटऱ्या कशाला लागतात?" मी विचारलं. "दिवा आणि पंखा, लोड तो किती?"

"येईल की लोड," ताई म्हणाल्या आणि गाडी सुरू केली.

फाटकातून वळताना गाडीची डावी बाजू माझ्यासमोर आली. खिडकीखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, मोबाईल लावायचे प्लग ओळीने बसवले होते, प्रत्येकावर पावसासाठी छोटी पत्र्याची टोपी. मी मोजले नाहीत. बरेच होते.